हा कार्बन कुणाचा?

कचऱ्याच्या रासायनिक तपासणीत माझी एकोणीस वर्षं गेली. एवढ्या काळात माझ्या सहीनं गेलेल्या अहवालांपैकी एक मला आजही पाठ आहे. कार्बन ३८ टक्के, नायट्रोजन १.४ टक्के, म्हणजे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २७. खतासाठी २५ ते ३० च्या दरम्यानचं गुणोत्तर चांगलं धरतात. मी शेऱ्यात लिहिलं, "कंपोस्टिंगसाठी योग्य", आणि पुढच्या नमुन्याकडे वळले.

तीन आठवड्यांनी खतप्रकल्पावरच्या अभियंत्याचा फोन आला. "मॅडम, ढीग पालटायला गेलं की डोळ्यांतून पाणी येतंय. माणसं उभी राहत नाहीयेत."

हा अमोनिया होता. ढिगात नायट्रोजन जास्त आणि जंतूंना खायला कार्बन कमी असला की जादा नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत जातो. ढीग तापलेला असेल आणि सामू (पीएच) आठच्या वर गेलेला असेल तर आणखी वेगानं जातो. पण माझ्या अहवालात तर कार्बन भरपूर होता. मी राखून ठेवलेला नमुना काढून पुन्हा यंत्रात घातला, तर तेच आकडे आले. यंत्र बरोबर होतं, माझं वजन बरोबर होतं, गणितही बरोबर होतं.

सर तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. दळलेल्या नमुन्याची बाटली उघडून चमचाभर भुकटी त्यांनी पाणी भरलेल्या बीकरमध्ये टाकली, काचेच्या कांडीनं ढवळली आणि म्हणाले, "आता थांब थोडं." तपकिरी गाळ हळूहळू खाली बसला. पाण्यावर एक थर तरंगत राहिला, निळसर, पांढरा, मध्ये मध्ये काळे कण. मी चिमट्यानं एक कण उचलून घड्याळकाचेवर ठेवला आणि खाली मंद ज्योत धरली. तो आकसला, पारदर्शक झाला आणि मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आला. पॉलिथिन होतं ते.

सर म्हणाले, "कार्बन आहे गं. पण तो कुणाचा आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दुपारी वजनकाट्यावर शोधलं. कोरड्या नमुन्यात १४ टक्के प्लॅस्टिक निघालं. पॉलिथिनच्या वजनात जवळजवळ ८६ टक्के कार्बन असतो, म्हणजे माझ्या ३८ मधले १२ टक्के तिथून आलेले. उरले २६. त्याला १.४ नं भागलं तर गुणोत्तर १९ च्याही खाली येतं. ढिगातले जंतू पॉलिथिनला तोंड लावत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो कार्बन नव्हताच. मूलद्रव्य विश्लेषक मात्र नमुना हजार अंशांच्या आसपास जाळतो आणि जो कार्बन डायऑक्साइड निघेल तो मोजतो. साल जळली की पिशवी, हे त्याला कळायचं काही कारण नाही.

आणि हे १४ टक्के ढिगावर कुणाला दिसले का नाहीत? कारण ढिगावर ते १४ नव्हतेच. त्या कचऱ्यात ७० टक्के पाणी होतं. शंभर किलोतले सत्तर किलो पाणी गेल्यावर तीस किलो कोरडा माल उरतो, त्यातले १४ टक्के म्हणजे सव्वाचार किलोच्या आत. शंभर किलो ओल्या कचऱ्यात चार किलो पातळ पिशव्यांचे तुकडे, तेही खरकट्यानं माखलेले. निवडणाऱ्याच्या नजरेतून सुटणारच. ओव्हनमध्ये पाणी उडालं आणि त्यांचा हिस्सा तिप्पट झाला.

प्रकल्पानं पुढे सुका पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा-चिपा मिसळून ते ढीग सावरले. माझी कामाची पद्धत मात्र त्या दिवसापासून बदलली. हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच. शहराच्या कचऱ्याचं काय करायचं, जाळायचा, कुजवायचा, वायू करायचा की पुरायचा, हे ठरवायला रासायनिक तपासणी लागते हे आता बहुतेकांना पटलंय. पण अहवालातला आकडा वाचताना तो कुठून आला हे विचारणारे अजून फार थोडे भेटतात.

आधी नमुन्याबद्दल सांगते, कारण खरी चूक बहुतेक वेळा प्रयोगशाळेबाहेरच झालेली असते.

मूलद्रव्य विश्लेषकात मी जो नमुना घालते तो दोन-तीन मिलिग्रॅमचा असतो. कथलाच्या इवल्याशा डबीत मावणारा, जोरात श्वास सोडला तरी उडेल असा. समजा शंभर किलोच्या ढिगापासून सुरुवात केली, तर तीन मिलिग्रॅम म्हणजे त्याचा सव्वातीन कोटींतला एक भाग. आणि तो ढीगही कित्येक टन कचरा आणणाऱ्या गाड्यांपैकी एखाद्या गाडीतून काढलेला. एवढ्याशा चिमटीनं अख्ख्या शहराच्या वतीनं बोलायचं असेल, तर प्रत्येक पायरीवर ढीग प्रामाणिकपणे लहान करत आणला पाहिजे. पियेर जी या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९५० च्या दशकापासून पुढची कितीतरी वर्षं या एकाच प्रश्नावर काढली: दगडधोंड्यांसारख्या मिश्र मालातून नमुना घेताना चूक किती होते आणि ती कशी आवरायची. त्यानं खनिजांसाठी मांडलेलं गणित कचऱ्याला जसंच्या तसं लागू पडतं. कचऱ्यात तर कणांचे आकार आणि जाती आणखी भिन्न.

आमच्याकडे ढीग उलथायचं काम एक काका करतात. माझ्या आधीपासून आहेत. ताडपत्री पसरायची, शंभर-सव्वाशे किलो कचरा ओतायचा, पिशव्या फाडायच्या, मोठे तुकडे कापायचे, फावड्यानं तीनदा जागा बदलून ढीग शंकूसारखा रचायचा. मग माथा दाबून चकती करायची, तिचे चार पाव भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचा पुन्हा शंकू. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग साडेबारा. सुरुवातीला मला वाटायचं, यात काय मोठंसं. काकांनी दाखवलं. शंकू रचताना जड आणि बारीक माल मध्यभागी घसरतो, हलका कागद-प्लॅस्टिक बाहेर लोळतं. चकतीचा मध्य जरासा सरकला तरी एका पावात माती जास्त येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाशी ताडपत्रीवर जो चिकट रस उरतो तोही खरवडून विभागला पाहिजे. "ताई, हे राहिलं तर पाणी राहिलं," ते म्हणतात आणि झाडूच्या मुठीनं ताडपत्रीची घडी निपटून काढतात.

आता पाण्याविषयी. मला विचाराल तर कचऱ्याच्या रसायनशास्त्रात सगळ्यात जास्त निर्णय पाणी घेतं. तपासणीही वरवर सोपी: वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला ठेवा, वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. पण आंबलेल्या कचऱ्याचा ओव्हन उघडला की तोंडावर जो आंबट वाफारा येतो, तो ॲसेटिक आम्ल आणि त्याच्या भाईबंदांचा असतो. तेही उडतं आणि वजनात पाणी म्हणून मोजलं जातं. बायोगॅसचा अंदाज बांधायचा असेल तर हे नुकसान लक्षात घ्यावं लागतं, कारण त्या आम्लांतूनच तर मिथेन होणार असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी जागा बदलतं. वर्तमानपत्र घरात होतं तेव्हा त्यात सात-आठ टक्के ओलावा असेल. उरलेल्या अन्नाबरोबर एका डब्यात पडलं, गाडीत दाबलं गेलं, की तोच कागद ओलाचिंब. अशा ढिगातून कागद वेगळा काढून ओलावा मोजला तर "कागदाचा ओलावा ५० टक्के" असं येईल. ते पाणी कागदाचं नाही, शेजाऱ्याचं आहे. घरातच वेगळं ठेवलं असतं तर तो कागद कागद म्हणून विकला गेला असता, निदान इंधन तरी झाला असता. घरी दोन डबे ठेवायला सांगतात त्यामागचं रसायनशास्त्र एवढंच आहे. पॅरिसच्या प्रशासकानं, यूजेन पूबेल त्याचं नाव, १८८३ च्या अखेरीस काढलेल्या आदेशात तीन भांडी सांगितली होती: कुजणाऱ्या मालासाठी एक, कागद-चिंध्यांसाठी एक, काच-चिनीमाती आणि शिंपल्यांसाठी एक. फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही त्याच्या आडनावानंच ओळखतात.

जाळण्याच्या बाबतीत पाण्याचा हिशेब मी दर बैठकीत फळ्यावर मांडते, इथेही मांडते. बॉम्ब कॅलरीमीटर म्हणजे जाड पोलादी भांडं. त्यात ग्रॅमभर वाळलेला नमुना ठेवून सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरायचा, तारेनं पेटवायचा आणि भोवतालच्या पाण्याचं तापमान किती चढलं ते पाहायचं. आधी बेंझोइक आम्ल जाळून भांडं पारखून घ्यायचं, कारण त्याची उष्णता ठाऊक असते, ग्रॅमला सुमारे २६.४ किलोज्यूल. समजा एखाद्या मिश्र कचऱ्याचा कोरडा उष्मांक किलोला १६ मेगाज्यूल आला. आकडा छान दिसतो, लाकडाच्या जवळपास जाणारा. पण भट्टीत कचरा वाळवून कोण टाकणार? त्यातलं पाणी उकळून वाफ करायला किलोमागे सुमारे २.४४ मेगाज्यूल जातात. शिवाय कचऱ्यातला हायड्रोजन जळून जे पाणी बनतं त्याची वाफही उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. हायड्रोजन सहा टक्के धरला आणि ओलावा ३० टक्के असला, तर हाती येतात किलोला साधारण ९.५ मेगाज्यूल. ओलावा ६० टक्के असला तर ४.४.

जागतिक बँकेनं १९९९ मध्ये कचरा जाळण्याबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात निव्वळ उष्मांकाची, म्हणजे वाफेचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उष्णतेची, वर्षाची सरासरी किलोला किमान ७ मेगाज्यूल असावी आणि कुठल्याही ऋतूत तो ६ च्या खाली जाऊ नये, असं म्हटलंय. वरच्या उदाहरणात ६ ची रेषा ओलावा निम्म्यावर पोचला की ओलांडली जाते. भट्टीवाले वापरतात तो टॅनरचा त्रिकोणही हेच सांगतो: पाणी ५० टक्क्यांच्या आत, राख ६० च्या आत, जळणारा भाग २५ च्या वर, तरच कचरा वरून इंधन न ओतता जळतो. त्या अटीतलं "कुठल्याही ऋतूत" हे शब्द मी नेहमी अधोरेखित करते. उन्हाळ्यातल्या एका आठवड्याचा नमुना घेऊन भट्टी घेतली आणि पावसाचे चार महिने तिला डिझेल पाजलं, असं मी जवळून पाहिलंय. तो अहवाल माझा नव्हता. तरी त्या भट्टीसमोर उभी राहून आत लालसर, धूसर, मरगळलेली ज्योत पाहताना मला फार वाईट वाटलं. एका आठवड्याऐवजी वर्षभरात चार वेळा नमुने घेतले असते तर हे टळलं असतं.

क्लोरीनचं प्रकरण याहून नाजूक. पीव्हीसीच्या वजनातला सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीन. साध्या मिठाच्या वजनातला सुमारे ६१ टक्के. म्हणजे अहवालात "क्लोरीन ०.८ टक्के" दिसलं तर ते फाटलेल्या पाइपाचं असेल किंवा उरलेल्या खारट अन्नाचं. दोन्ही भट्टीत सारखे वागत नाहीत. पीव्हीसी तीनशे अंशांच्या आसपासच हायड्रोजन क्लोराइड सोडू लागतं. तो वायू चुन्यानं धुवावा लागतो. मिठातलं क्लोरीन बरंचसं सोडियम-पोटॅशियमच्या क्लोराइडांच्या रूपात बाष्प होऊन बॉयलरच्या नळ्यांवर बसतं आणि तिथे पोलाद खातं. चुना किती लागेल हे ठरवायला एक आकडा हवा, नळ्यांचं आयुष्य ठरवायला दुसरा. म्हणून मी एक भाग नमुना गरम पाण्यात खळखळून धुते, त्या पाण्यातलं क्लोराइड वेगळं मोजते आणि उरलेला माल जाळून त्यातलं क्लोरीन वेगळं. अर्ध्या दिवसाचं जास्तीचं काम आहे, पण मी ते टाळू देत नाही.

डायॉक्सिन या अतिविषारी क्लोरीनयुक्त संयुगांची भीती याच क्लोरीनशी जोडलेली आहे, आणि ती रास्त आहे. १९७७ मध्ये केस ओली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या कचराभट्ट्यांच्या, धुराबरोबर जाणाऱ्या उडत्या राखेत डायॉक्सिन सापडल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून या व्यवसायाची झोप उडाली ती उडालीच. धूर ८५० अंशांवर किमान दोन सेकंद राहिला पाहिजे हा नियम युरोपात आहे. घातक कचऱ्यात सेंद्रिय हॅलोजन संयुगं क्लोरीनच्या हिशेबानं एक टक्क्याच्या वर असली तर ११०० अंश. पण तिथे मोडलेला डायॉक्सिन धूर थंड होताना, साधारण ४०० ते २५० अंशांच्या पट्ट्यात, राखेच्या कणांवर पुन्हा जुळू शकतो आणि तांबं त्या जुळणीला मदत करतं. म्हणून मी तांब्याचा आकडाही क्लोरीनच्या शेजारच्या ओळीतच लिहिते. वायरींचे तुकडे कचऱ्यात किती येतात, हा प्रश्न त्यामुळे धुराड्याचाही होतो.

धातूंची तऱ्हा निराळी. तिथे सरासरी हीच मोठी फसवणूक. जुन्या निकेल-कॅडमियमच्या एका पेन्सिल सेलमध्ये तीन-चार ग्रॅम कॅडमियम असतं. शंभर किलोच्या ढिगात असा एक सेल असेल तर किलोला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास सरासरी येते. नसेल तर एकाहून कमी. खतातल्या कॅडमियमची मर्यादा अनेक देशांत किलोला एक ते पाच मिलिग्रॅम. म्हणजे तोच कचरा, तेच शहर, आणि एक सेल तुमच्या पाव भागात आला की टाकून दिलेल्या पावात गेला एवढ्यावर निकाल बदलतो. दोन्ही आकडे खरे असतात आणि दोन्ही निरुपयोगी. आम्ही सेल, दिव्याच्या नळ्या, थर्मामीटर, रंगाचे डबे हे अख्ख्या शंभर किलोतून, भाग पाडायच्या आधीच हातानं वेचतो, मोजतो आणि अहवालात नगांवर लिहितो. दगड, काच, लोखंडही दळणीच्या आधी बाजूला काढून तोलतो आणि शेवटी हिशेबात परत मिळवतो.

एकदा काकांनी ढिगातून हाताच्या तळव्यावर धरून तीन सेल आणले. एकाचं टोक फुटून पांढरी भुकटी आलेली. ते म्हणाले, "ताई, हे दळायला गेलं असतं तर?" मी काही बोलले नाही, फक्त डबी पुढे केली. गेल्या काही वर्षांत तर लिथियमचे सेल यायला लागलेत, जे दळणयंत्रात पेट घेतात. आता वेचणीच्या टेबलाशेजारी आम्ही कोरड्या वाळूची बादली ठेवतो.

शिसं किती आहे आणि शिसं किती सुटेल हेही वेगळे प्रश्न. भट्टीच्या तळराखेत शिसं बरंचसं काचेसारख्या सिलिकेटात अडकलेलं असतं. उडत्या राखेत तेच क्लोराइडच्या रूपात, पाण्यात विरघळणारं. त्यात धूर धुतलेला चुना मिसळलेला असेल तर सामू बाराच्या वर जातो, आणि तिथे शिसं आणखी विरघळतं, कारण ते आम्लातही सुटतं आणि तीव्र अल्कलीतही. राखेतलं एकूण शिसं पाहून कुठली राख कुठे जाईल ते ठरवता येत नाही. त्यासाठी झिरपण चाचणी असते. अमेरिकेची टीसीएलपी चाचणी घ्या: नमुन्याच्या वीस पट ॲसेटिक आम्लाचं पाणी, मिनिटाला तीस फेऱ्यांनी अठरा तास बाटली फिरवायची, गाळायचं आणि पाण्यात शिसं मोजायचं. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तो माल घातक. रात्रभर फिरणाऱ्या त्या बाटल्यांचा संथ खळखळाट मला आवडतो. पुढच्या वीस-तीस वर्षांत कचरा पुरतात त्या भरावाच्या पोटात जे होणार, त्याची ती घाईघाईनं केलेली रंगीत तालीम असते.

भरावात काय सोबत पुरायचं नाही हेही रसायनच सांगतं. जिप्समच्या छताचे, भिंतींचे तुकडे घ्या. कॅल्शियम सल्फेट, निरुपद्रवी, शाळेतल्या खडूसारखं. सुक्या राडारोड्यात ते पडून राहील. पण ओल्या कुजणाऱ्या कचऱ्यात हवा न लागता गाडलं गेलं की काही जंतू सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर निदान सावध तरी होता येतं. हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या वर गेला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. पाझर गोळा करायच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाला तेव्हा वाटतं की आता हवा स्वच्छ झाली. म्हणून बांधकामाच्या राडारोड्याचा नमुना आला की मी सल्फेट मोजल्याशिवाय सोडत नाही.

शेवटी बायोगॅस. इथे पुन्हा तोच प्लॅस्टिकचा सापळा वेगळ्या वेशात उभा असतो. नमुना ५५० अंशांच्या मफल भट्टीत ठेवला की जे उडून जातं त्याला बाष्पनशील घन म्हणतात, आणि पुष्कळजण त्यालाच "कुजणारा भाग" समजून त्यावरून वायूचा अंदाज बांधतात. पॉलिथिन तिथे पूर्ण उडतं. लाकडातलं लिग्निनही उडतं, आणि हवेशिवाय जगणारे जंतू लिग्निनला जवळजवळ शिवत नाहीत. सेल्युलोजचा हिशेब कागदावर सरळ आहे: १६२ ग्रॅममधून मिथेनचे तीन मोल, म्हणजे ग्रॅमला ४१५ मिलिलिटर. चरबी ग्रॅमला लिटरभर देते. पण कागदावरचा आकडा आणि डायजेस्टरमधला, म्हणजे वायू करायच्या हवाबंद टाकीतला आकडा यांच्यात लिग्निन, प्लॅस्टिक आणि मीठ उभं असतं.

त्याला उपाय एकच, प्रत्यक्ष जंतूंना विचारायचं. चालू डायजेस्टरमधलं विरजण आणून बाटल्यांत घालायचं, त्यात तोललेला नमुना, वरची हवा नायट्रोजननं हाकलायची, बूच घट्ट, आणि ३७ अंशांच्या कपाटात ठेवायच्या. सोबत नुसत्या विरजणाच्या बाटल्या, म्हणजे त्याचा स्वतःचा वायू वजा करता येतो. आणि शुद्ध सेल्युलोजच्या बाटल्या, जंतू ठणठणीत आहेत की नाहीत ते कळायला. त्यांनी ग्रॅमला साडेतीनशे मिलिलिटरच्या वर मिथेन दिला नाही तर सगळी खेप बाद. रोजचा वायू एकूण वायूच्या एक टक्क्याच्या खाली तीन दिवस सलग राहिला की थांबायचं. महिना सहज जातो. लोकांना एवढा धीर नसतो, हे मी समजू शकते. निविदेच्या तारखा ठरलेल्या असतात.

सध्या कपाटात पंधरा बाटल्या आहेत. एका शहराला आपल्या बाजारपेठांच्या कचऱ्यावर वायुप्रकल्प उभारायचा आहे. परवा त्यांच्या कार्यालयातून फोन होता: बाष्पनशील घन ८२ टक्के आलेत ना, मग त्यावरून आकडा काढून द्या, वाट कशाला पाहायची? मी त्यांना म्हटलं, त्या ८२ मध्ये माझ्या हिशेबानं नऊ टक्के पिशव्या आहेत आणि फळांच्या खोक्यांचं लाकूड किती ते अजून बाटल्यांनी सांगितलेलं नाही. दहा दिवस द्या. बराच वेळ पलीकडे शांतता होती. मग ते म्हणाले, "पिशव्या आल्या कुठून? आमच्याकडे वेगळ्या करतात." मी त्यांना बोलावून घेतलं.

ते काल आले. काकांनी ताडपत्रीवर उरलेला अर्धा ढीग उघडून दाखवला. मी राखून ठेवलेल्या भुकटीतला एक चमचा बीकरमध्ये टाकला, ढवळला, आणि आम्ही तिघं गाळ खाली बसायची वाट पाहत उभे राहिलो. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि वर तरंगलेला थर बराच वेळ पाहिला. मग त्यांनी वही काढली आणि विचारलं, या पिशव्या बाजारातच काढायच्या म्हटल्या तर कुठल्या टप्प्यावर काढाव्यात. काका त्यांना गाड्या भरायच्या जागेबद्दल समजावत बाहेर घेऊन गेले.

आज बाटल्यांचा एकविसावा दिवस. सेल्युलोजच्या तिन्ही बाटल्या ३६० च्या पुढे गेल्यात. बाजाराच्या कचऱ्याच्या बाटल्यांत अजून रोज तीन टक्के वायू येतोय. सकाळचं वाचन नोंदवलं, बाटल्या हलक्या हातानं हलवल्या आणि कपाटाचं दार लावलं.